ऑफिसचे इंटरनेट फोन बंद पडले तर: सुरुवात कुठून करायची आणि कशाला हात लावायचा नाही

गेल्या पावसाळ्यात एका हॉस्पिटलमधून पहाटे साडेपाचला मला फोन आला. रिसेप्शनवरच्या ताई सांगत होत्या की रात्री लाइट गेली, यूपीएसही बसला, आता लाइट आलीय पण टेबलावरचे सगळे फोन काळेठिक्कर आहेत आणि बाहेरून नंबर लावला तर संपर्क होत नाही असं सांगतंय. मी पोचलो तोवर तिथल्या एका मुलाने अगदी चांगल्या मनाने राउटरच्या मागच्या छोट्या भोकात टाचणी घालून तो रिसेट केला होता. मूळ बिघाड काय होता, तर फोनना नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारा पीओई स्विच ज्या एक्स्टेन्शन बोर्डवर होता त्याचा फ्यूज उडालेला. दहा मिनिटांचं काम. पण राउटर कोरा झाल्यामुळे सगळं परत बसवता बसवता दुपारचे दोन वाजले, आणि तेवढा वेळ पेशंटच्या नातेवाईकांचे फोन एका मोबाईलवर वळवून घ्यावे लागले.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगतो, बिघाड कुठे आहे ते कळेपर्यंत काहीही रिसेट करायचं नाही, फक्त बघायचं. रिस्टार्ट चालतो, रिसेट नाही, या दोन शब्दांत फार फरक आहे: रिस्टार्ट म्हणजे नुसतं बंद करून चालू करणं, रिसेट म्हणजे सगळी सेटिंग पुसून टाकणं. खाली लिहिलंय ते लहान-मध्यम ऑफिससाठी आहे, म्हणजे स्वतःचा एक सर्व्हर आहे, त्यावर एस्टेरिस्क किंवा फ्रीपीबीएक्स हे फोन चालवणारं सॉफ्टवेअर आहे, दहा ते शंभर आयपी फोन आहेत आणि टेलिकॉम कंपनीकडून सिप ट्रंक, म्हणजे बाहेरचे कॉल आणणारी-नेणारी लाइन, घेतलीय. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर मेन्यूची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

इंटरनेट फोनमध्ये घंटी आणि आवाज वेगवेगळ्या वाटेने जातात. घंटी वाजवणं, फोन उचलला हे कळवणं, ठेवला हे कळवणं, हे सगळं सिप करतं, ते साधारण ५०६० नंबरच्या पोर्टवर चालतं. आवाज मात्र आरटीपी नावाच्या वेगळ्या पाकिटांतून जातो, एस्टेरिस्कमध्ये सहसा १०००० ते २०००० या पोर्टमधून. म्हणून घंटी वाजली, फोन उचलला, पण समोरच्याचं काहीच ऐकू येत नाही असं होऊ शकतं, आणि तेव्हा लोक फोनच्या रिसीव्हरला दोष देतात. कोणती वाट तुटलीय हे ओळखलं की अर्धं काम झालं.

पहिलं काम दुरुस्ती नाही, येणारे फोन वळवणं

तुम्ही सर्व्हरशी झटापट करताय तेव्हा बाहेरचा माणूस नंबर लावतोच आहे. म्हणून सगळ्यात आधी टेलिकॉम कंपनीच्या पोर्टलवरून किंवा हेल्पडेस्कला सांगून मेन नंबर एखाद्या मोबाईलवर फॉरवर्ड करून घ्या. हे फॉरवर्डिंग कंपनीच्या बाजूलाच लागतं, तुमच्या सर्व्हरमध्ये लावलेलं फॉरवर्डिंग सर्व्हरच बंद असेल तर काय कामाचं. त्यासाठी ग्राहक क्रमांक आणि सर्किट आयडी लागतो, तो विचारल्यावर बहुतेक ऑफिसात शोधाशोध सुरू होते, कारण तो असतो कोणाच्या तरी जुन्या ईमेलमध्ये. तो कागदावर छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवा.

कागदावरच का, त्याला कारण आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊच्या सुमारास आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक सगळं एकदम गेलं होतं, सहा तासांच्या आसपास. त्यांच्या नेटवर्कचे रस्ते इंटरनेटवरून निघून गेले होते आणि दुरुस्तीसाठी लागणारी त्यांची आतली साधनं त्याच नेटवर्कवर असल्याने तीही बंद. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे झालं, मग आपला पासवर्ड त्याच सर्व्हरवरच्या फाईलमध्ये ठेवणं बरोबर नाही.

दिवे बघा, खालून वर या

फायबरच्या डब्यापासून म्हणजे ओएनटीपासून सुरुवात करा. त्यावर पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा पाहिजे. लॉस नावाचा दिवा लाल पेटला असेल तर फायबर तुटलंय किंवा कुठेतरी वाकलंय, तिथे तुमच्या हातात काही नाही, तक्रार नोंदवा. फक्त पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटामागे दाबली गेलेली नाही ना ते बघा, ती जोरात वाकली की प्रकाश आत जात नाही.

मग फोनचा स्क्रीन बघा, तो बरंच सांगतो. स्क्रीनच बंद असेल तर फोनला वीज नाही, म्हणजे स्विच किंवा केबल. स्क्रीन चालू आहे पण आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळालेला नाही, तर आयपी वाटणारं डीएचसीपी बघा. आयपी आहे पण एक्स्टेन्शन नंबरासमोर रजिस्टर झालेलं नाही, म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचत नाही किंवा सर्व्हर नाही म्हणतोय. सगळे फोन बंद आहेत की एकाच मजल्यावरचे, हे पण फिरून बघा, एकाच मजल्यावरचे असतील तर त्या मजल्याचा स्विच सोडून दुसरीकडे जाऊच नका.

सगळंच बंद पडून लाइट आली असेल तर चालू करायचा क्रम असा ठेवा: ओएनटी, मग राउटर, मग मुख्य स्विच, मग सर्व्हर, आणि फोन, म्हणजे त्यांना वीज देणारा पीओई स्विच, शेवटी. मध्ये दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. फोन चालू होताच राउटरकडे आयपी मागतो, राउटर तेव्हा उठलेला नसेल तर काही फोन तसेच अडकून बसतात आणि मग ते एक एक करून उपटावे लागतात. फोन शंभरच्या वर असतील तर मजल्यामजल्याने चालू करा, सगळे एकदम रजिस्टर व्हायला धावले तर आधीच दमलेला सर्व्हर आणखी दमतो.

नेटवर्क तपासायला एक लॅपटॉप आणि एक पॅचकॉर्ड पुरते

लॅपटॉप पॅचकॉर्डने, म्हणजे छोट्या नेटवर्क वायरीने, फोनच्याच स्विचला लावा. आयपी कुठला मिळाला? तुमच्या फोनचं नेटवर्क १९२.१६८.१० चं असताना लॅपटॉपला १९२.१६८.० चा आयपी मिळाला तर नेटवर्कमध्ये दुसरं कोणीतरी आयपी वाटत बसलंय. आपल्याकडे हे खूप होतं, नेट बंद पडलं की कोणीतरी घरून वायफाय राउटर आणतं आणि तो भिंतीतल्या पॉईंटला लावतं, नेट परत येतं पण तो राउटर तिथेच राहतो आणि फोनना चुकीचे आयपी देत राहतो. त्याची वायर काढा, फोन रिस्टार्ट करा.

आयपी बरोबर असेल तर सर्व्हरला पिंग करा, म्हणजे तिकडून उत्तर येतंय का बघा. मग सर्व्हरवर जाऊन राउटरला पिंग, बाहेरच्या एखाद्या आयपीला पिंग, आणि शेवटी एखाद्या नावाला पिंग. आयपीला जातंय पण नावाला जात नाही म्हणजे नावावरून आयपी शोधून देणारं डीएनएस गेलंय, आणि ट्रंकच्या सेटिंगमध्ये कंपनीच्या सर्व्हरचं नाव टाकलेलं असेल तर तेवढ्याने ट्रंक बंद पडते.

सर्व्हर

आता सर्व्हरला हात लावा, त्याआधी नाही. लॉगिन करून पहिल्यांदा डिस्क किती भरलीय ते बघा, डीएफ (df) ही कमांड. मी पाहिलेल्या बंद सर्व्हरांमध्ये डिस्क गच्च भरलेली हे कारण फार वेळा निघालंय. कॉल रेकॉर्डिंग साध्या वॅव फाईलमध्ये होत असेल तर एका मिनिटाला जवळपास १ एमबी जातो, वीस जणांचं ऑफिस दिवसभर बोलत असेल तर वर्षभरात काय होईल ते बघा. डिस्क भरली की डेटाबेस लिहू शकत नाही, मग तो बंद पडतो, आणि मग फोनचं सॉफ्टवेअर अर्धवट उठतं. जुनी रेकॉर्डिंग बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, कॉपी उघडतेय ना ते बघा, मगच इकडची काढा. डेटाबेसच्या फोल्डरमधली मोठी फाईल दिसली म्हणून ती उडवू नका, त्यात तुमची सगळी एक्स्टेन्शन्स आहेत.

दुसरं, तारीख आणि वेळ. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असेल तर लाइट जाऊन आल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. तारीख चुकली की सर्टिफिकेट चालत नाही, सुरक्षित कनेक्शनवरचे फोन रजिस्टर होत नाहीत, आणि ऑफिस बंदचा निरोप भर दुपारी वाजायला लागतो. सेल सीआर२०३२ असतो, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

मग डेटाबेस चालू आहे का, आणि त्यानंतर एस्टेरिस्क चालू आहे का ते सिस्टिमसीटीएलच्या स्टेटसने (systemctl status) बघा. फ्रीपीबीएक्सवर एफडब्ल्यूकन्सोल रिस्टार्ट (fwconsole restart) दिलं की सगळं योग्य क्रमाने उठतं. नाही उठलं तर लॉगमधल्या शेवटच्या ओळी नाही, पहिली चुकीची ओळ शोधा, बाकीच्या ओळी बहुतेक त्या पहिलीच्याच पोटातून आलेल्या असतात.

ट्रंक, म्हणजे बाहेरचा रस्ता

आतले फोन एकमेकांना लागतात पण बाहेर जात नाही, तर ट्रंक. एस्टेरिस्कच्या कन्सोलवर पीजेसिप शो रजिस्ट्रेशन्स (pjsip show registrations) टाईप करा. रजिस्टर्ड दिसत नसेल तर पीजेसिप सेट लॉगर ऑन (pjsip set logger on) करून समोरून काय उत्तर येतंय ते वाचा. एकदा ४०१ येणं नेहमीचंच आहे, तो फक्त ओळख विचारतोय, पण ४०१ पुन्हा पुन्हा येत असेल तर पासवर्ड चुकलाय. ४०३ म्हणजे समोरचा तुम्हाला नाही म्हणतोय, आयपी बदललाय किंवा खातंच बंद केलंय, बिल भरलंय का तेही विचारा. ४०४ म्हणजे नंबर ज्या पद्धतीने पाठवताय ती त्याला कळत नाही, पुढे ९१ हवंय की शून्य ते बघा. ४८८ म्हणजे कोडेकचं, आवाज पॅक करायच्या पद्धतीचं, भांडण. ५०३ म्हणजे समोरच्याकडेच अडचण. काहीच उत्तर येत नसेल तर रस्ताच नाही.

हा 'रस्ताच नाही' प्रकार आपल्याकडे जास्त आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. टेलिकॉम कंपनीची सिप ट्रंक बऱ्याचदा तुमच्या साध्या ब्रॉडबँडवरून येत नाही, तिची वेगळी लाइन असते, वेगळा खाजगी आयपी असतो आणि ती सर्व्हरच्या दुसऱ्या लॅन पोर्टला किंवा राउटरच्या वेगळ्या पोर्टला लागते. कंपनीच्या सर्व्हरकडे जायचं तर याच लाइनने जा, असं सांगणारा एक स्टॅटिक रूट कोणीतरी दोन-तीन वर्षांपूर्वी घालून ठेवलेला असतो. राउटर रिसेट झाला, बदलला, किंवा सर्व्हरवर तो रूट फक्त तात्पुरता टाकलेला होता आणि मशीन रिस्टार्ट झालं, की तो गेला. मग इंटरनेट मस्त चालतं, यूट्यूब चालतं, आणि फोन बंद. त्या हॉस्पिटलात माझे चार तास याच एका ओळीत गेले, कारण तो रूट कुठेच लिहून ठेवलेला नव्हता आणि कंपनीकडून ती माहिती मिळेपर्यंत थांबावं लागलं.

यामुळेच, मुख्य लाइन गेली म्हणून ४जी डोंगल लावला तरी अशी ट्रंक चालणार नाही. डोंगलवरून आलेला आयपी कंपनी ओळखत नाही. डोंगलने आतल्या लोकांचं ईमेल चालेल, येणाऱ्या फोनसाठी फॉरवर्डिंगच खरं.

एक सापळा आणखी. फोनांनी बिघाडाच्या काळात चुकीचं रजिस्ट्रेशन करायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला असेल तर सर्व्हरवरचं फेल-टू-बॅन त्यांनाच हल्लेखोर समजून ब्लॉक करतं. बाकी सगळं बरोबर, पिंगही कालपर्यंत जात होतं, आणि आज अचानक एका शाखेचे सगळे फोन गप्प, असं दिसलं तर ब्लॉक केलेल्या आयपींची यादी बघा, तुमचा आयपी त्यातून काढा आणि कायमचा परवानगीच्या यादीत घाला. पण घाईत फायरवॉलच बंद करू नका, ५०६० सगळ्या जगाला उघडं ठेवू नका. असे उघडे सर्व्हर शोधणारे प्रोग्रॅम चोवीस तास फिरत असतात, पासवर्ड कच्चा सापडला की रात्रीत परदेशी नंबरांवर कॉल करून मोकळे होतात, आणि बिल तुमच्या नावावर येतं.

घंटी वाजते, आवाज नाही

एका बाजूचं ऐकू येतं, दुसऱ्या बाजूचं नाही, अशी तक्रार आली की नव्वद टक्के काम राउटरच्या आसपास आहे असं धरून चाला. कॉल जोडताना तुमचा सर्व्हर समोरच्याला सांगतो की आवाज या पत्त्यावर पाठव. राउटरच्या मागे असलेल्या सर्व्हरने तिथे आपला घरगुती १९२.१६८ चा पत्ता दिला तर समोरचा बिचारा आवाज कुठे पाठवणार. फ्रीपीबीएक्समध्ये एस्टेरिस्क सिप सेटिंग्जमध्ये जा, एक्स्टर्नल अ‍ॅड्रेसमध्ये आत्ताचा पब्लिक आयपी आहे का बघा, लाइन बदलली असेल तर जुनाच राहिलेला असतो. खाली लोकल नेटवर्क्समध्ये तुमची आतली सगळी नेटवर्क्स हवीत. मग राउटरमध्ये आरटीपीचे पोर्ट सर्व्हरकडे वळवलेले आहेत का बघा, आणि सिप एएलजी नावाची सोय असेल ती बंद करा. ती मदत करायला दिलेली असते पण सिपच्या निरोपातले पत्ते आपल्या मनाने बदलते, आणि राउटर नवा आला किंवा रिसेट झाला की बऱ्याच मॉडेलांत ती आपोआप परत चालू होते.

कॉल किती वेळाने तुटतो हे घड्याळ लावून मोजा, कारण आकडाच कारण सांगतो. बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर फोन उचलल्याची पोचपावती परत येत नाहीये, म्हणजे पुन्हा तोच पत्त्याचा घोळ. १५ मिनिटांनी तुटत असेल तर कॉल अजून चालू आहे का ते मधूनमधून तपासणारा सेशन टायमर, अर्ध्या तासाच्या मुदतीतलं अर्ध्यावरचं नूतनीकरण अडतंय. येणारे फोन काही वेळाने लागेनासे होतात आणि फोन रिस्टार्ट केला की परत लागतात, तर राउटर मधला रस्ता विसरतोय, रजिस्ट्रेशनची मुदत ३६०० सेकंदांवरून १२० वर आणा.

आवाज तुटक येत असेल तर लाइनवर जागा पुरते का बघा. जी.७११ कोडेकचा एक कॉल प्रत्येक दिशेला जवळपास ८७ केबीपीएस खातो, म्हणजे दहा कॉलना १ एमबीपीएसच्या आत जागा लागते, फार नाही. अडचण बहुतेक वेळा बिघाडानंतर सगळे संगणक एकदम क्लाउडवर बॅकअप चढवायला लागतात तिथे असते. तो तासभर थांबवा आणि राउटरमध्ये आवाजाच्या पाकिटांना पहिला मान द्या.

सर्व्हर खरंच गेला असेल तर

नव्या मशीनवर बॅकअप चढवताना सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनीच ठेवा, अपग्रेडचा मोह त्या दिवशी नको. एस्टेरिस्क २१ पासून चॅन-सिप हा सिप चालवणारा जुना भाग काढून टाकलाय, तुमची एक्स्टेन्शन्स त्यावर बनवलेली असतील तर नव्यावर ती चालणारच नाहीत आणि तुम्ही बॅकअप खराब आहे म्हणत बसाल. नव्या मशीनला जुन्या सर्व्हरचाच आयपी द्या, कारण प्रत्येक फोनमध्ये तोच पत्ता भरलेला आहे. राउटरमध्ये तो आयपी जुन्या मशीनच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला, बांधलेला असतो, तो बदला, नाहीतर नव्या मशीनला भलताच आयपी मिळतो. पैसे भरून घेतलेली मॉड्यूल्स मशीनशी बांधलेली असतात, त्यांचं लायसन्स हलवायला वेळ लागतो, म्हणून आधी साधे फोन सुरू करा, बाकीचं दुसऱ्या दिवशी. आणि जुनं मशीन चुकूनही परत चालू होऊ देऊ नका, एकाच आयपीचे दोन सर्व्हर नेटवर्कवर आले की फोन कधी याला कधी त्याला धरतात.

झालं असं कधी म्हणायचं

फ्रीपीबीएक्सवर कुठल्याही फोनवरून स्टार ४३ फिरवा, तुमचाच आवाज परत ऐकू येईल, म्हणजे फोन ते सर्व्हर वाट ठीक. मग एका एक्स्टेन्शनवरून दुसऱ्याला. मग बाहेर मोबाईलला, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. मग मोबाईलवरून आत, आयव्हीआर, म्हणजे 'अमुकसाठी एक दाबा' सांगणारा आवाज, पूर्ण ऐकून, आकडा दाबून योग्य माणसापर्यंत जातंय का, कारण आकडे दाबणं पण बिघाडानंतर कधी कधी चालत नाही. एक कॉल मुद्दाम वीस मिनिटं चालू ठेवा, पंधरा मिनिटांची भानगड त्याशिवाय कळत नाही. ११२ ला टेस्ट म्हणून फोन करू नका, तिथली लाइन कोणाला तरी खरंच लागत असते.

सगळं चाललं की लगेच राउटरच्या सेटिंगची फाईल आणि सर्व्हरचा बॅकअप काढून सर्व्हरबाहेर ठेवा, आणि स्टॅटिक रूट, पब्लिक आयपी, ट्रंकचा आयपी, हे रॅकच्या दारावरच्या कागदावर हाताने लिहून टाका, सगळं नीट आठवतं तेवढ्यात.

शेवटी मोबाईलवरचं फॉरवर्डिंग काढा. हे राहून जातं. त्या हॉस्पिटलात आम्ही दोन वाजता सगळं सुरू केलं, चार वाजले तरी डेस्कचा फोन वाजेना, मी पुन्हा लॉग उघडून बसलो, आणि ताई आल्या, हातात सकाळपासून वाजत असलेला तो मोबाईल, म्हणाल्या, "दादा, फोन अजून इकडेच येताहेत."